सह्याद्रीच्या रानातून सहा वर्षे : ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ या नभोवाणीची वाटचाल

२५ नोव्हेंबर १९५५ रोजी सावंतवाडीजवळच्या आंबोलीच्या रानातून एक नभोवाणी केंद्र बोलू लागले. कोकणीत त्याचे नाव ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘व्हॉझ द लिबर्दाद’. या केंद्राला इमारत नव्हती, परवाना नव्हता, जाहीर पत्ता नव्हता. घटना, कार्यकारिणी, वार्षिक सभा यांचा तर प्रश्नच नव्हता. त्यावर करमणूक नव्हती, होते ते सगळे बोलणे : बातमी, भाष्य आणि प्रतिपक्षाच्या दाव्यांचे खंडन. तरीही १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे सहा वर्षांहून थोडा अधिक काळ, हे केंद्र चालले आणि ज्या कामासाठी सुरू झाले ते काम पूर्ण होताच थांबले. गोव्याच्या सार्वजनिक जीवनात या उपक्रमाला संस्थेचे स्थान आहे आणि ते वादातीत आहे.

प्रारंभाची तारीख योगायोगाने आलेली नव्हती. २५ नोव्हेंबर हा सेंट कॅथरीनच्या सणाचा दिवस. १५१० साली याच दिवशी आफोन्सो द आल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा जिंकला, आणि पुढे जुन्या गोव्यातील मोठे कॅथेड्रल याच संतिणीच्या नावे उभे राहिले. विजय आणि सण यांची ही सांगड पोर्तुगीज राजवटीने साडेचार शतके जपली होती. जो दिवस सत्ता आपला मानत होती, त्याच दिवशी तिच्या विरोधातला आवाज निघावा, ही संस्थापकांची योजना.

गोव्याला तोवर नभोवाणी अपरिचित नव्हती. ‘एमिसोरा द गोवा’ हे सरकारी केंद्र पणजीत १९४६ साली सुरू झाले. त्याच वर्षी १८ जूनला मडगावात डॉ. राममनोहर लोहिया यांची सभा झाली आणि नागरी स्वातंत्र्याचा लढा नव्याने पेटला. म्हणजे सरकारचा आवाज आणि सरकारविरोधी आवाज, दोन्ही एकाच वर्षी गोव्यात ऐकू आले. फरक एवढाच की एकाकडे प्रक्षेपक होता आणि दुसऱ्याला सभा घेतली की तुरुंग होता. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत वृत्तपत्रांवर छपाईपूर्वीची तपासणी होती. लग्नपत्रिकासुद्धा तपासून घ्यावी लागे, असे त्या पिढीतील गोमंतकीय सांगत आले आहेत.

१९५१ साली पोर्तुगालने आपली राज्यघटना दुरुस्त केली आणि वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ म्हणायला सुरुवात केली. वसाहतच नाही, तर मुक्ती कुणाची, असा त्यामागचा डाव. त्याच्या जोडीला दुसरा दावा असे, तो धर्माचा. गोवा हे ‘पूर्वेचे रोम’, सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव जिथे आहे ती भूमी, म्हणून ती पोर्तुगालकडेच राहिली पाहिजे, असे लिस्बन जगाला सांगत होते. १९५२च्या डिसेंबरात झेवियरच्या मृत्यूला चारशे वर्षे झाली, तेव्हा जुन्या गोव्यात शवदर्शनाचा मोठा सोहळा झाला. त्याचाही उपयोग या दाव्यासाठी झाला.

वस्तुस्थिती मात्र वेगळी होती. गोव्याच्या लोकसंख्येत कॅथलिकांचे प्रमाण एक तृतीयांशाहून थोडेच अधिक होते, बहुसंख्य लोक हिंदू होते. आणि खुद्द रोमही लिस्बनच्या मागे उभे राहिले नव्हते. भारतातील बिशपांच्या नेमणुकांमध्ये पोर्तुगालला असलेला जुना हक्क १९५० च्या कराराने संपला. १९५३ साली गोव्याच्या धर्मप्रांतातील भारतीय हद्दीतला भाग वेगळा काढून बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन करण्यात आला. त्याच वर्षी मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशियस हे पहिले भारतीय कार्डिनल झाले. त्यांचे आईवडील गोव्याचे. १९५५च्या जुलैत पंतप्रधान नेहरूंनी पोप बारावे पायस यांची भेट घेतली आणि गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नाही, यावर पोपही सहमत असल्याचे जाहीर केले. दिल्ली आणि रोम या दोन्ही ठिकाणी जे मान्य झाले होते, ते खुद्द गोव्यात मात्र कुणाला मोकळेपणाने सांगता येत नव्हते. गोव्याच्या चर्चमध्ये प्रवचन देणाऱ्यांवर पोर्तुगीज सरकारची नजर, वर्तमानपत्रांवर तपासनीस, आणि घराघरांतल्या रेडिओवर एमिसोरा.

या कोंडीवर तोडगा निघाला तो दादरा-नगरहवेलीतून. जुलै १९५४ मध्ये फ्रान्सिस मस्करेन्हस यांच्या ‘युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स’ या संघटनेने दादरा मुक्त केले. २ ऑगस्टला आझाद गोमंतक दल आणि महाराष्ट्रातून गेलेल्या स्वयंसेवकांनी सिल्वासा घेतले. त्या स्वयंसेवकांत संगीतकार सुधीर फडके होते, हे मराठी वाचकाला ठाऊक आहेच. पळालेल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांमागे जे साहित्य राहिले त्यात दोन बिनतारी संच होते. लष्करी निरोपासाठी बनवलेल्या या संचांमध्ये जाणकार तंत्रज्ञांनी बदल केले आणि त्यांचा प्रक्षेपक तयार झाला. शत्रूच्याच यंत्रातून शत्रूला उत्तर, असे म्हटले तर ते नाट्यमय वाटेल. पण त्या वेळी दुसरे यंत्र मिळण्याजोगे नव्हते, हे खरे कारण.

यंत्र तयार होईपर्यंत गरजही अटीतटीची झाली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला. वीसहून अधिक सत्याग्रही ठार झाले. पत्रादेवीच्या सीमेवर पंजाबचे कर्नैलसिंग बेनिपाल पडले, ते याच दिवशी. भारताने पोर्तुगालशी राजनैतिक संबंध तोडले, रेल्वे बंद झाली, आर्थिक नाकेबंदी कडक झाली. नाकेबंदीचा हेतू सत्तेची कोंडी करणे हा होता. तिची झळ मात्र सामान्य गोमंतकीयालाही बसली. माणसे येईनात, पत्रे येईनात, मुंबईची वर्तमानपत्रे येईनात. आगवाद आणि रेईश मागूशच्या किल्ल्यांत कैदी वाढत होते आणि बाहेर काय चालले आहे हे आतल्यांना कळत नव्हते. सीमा ओलांडू शकेल असे एकच साधन उरले होते, ते म्हणजे ध्वनिलहरी.

केंद्राची धुरा तिघांनी उचलली : वामन सरदेसाई, लिबिया लोबो आणि निकोलाव मिनेझिस. मिनेझिस सुरुवातीच्या काळानंतर या कामातून बाहेर पडले. उरलेला सगळा काळ वामन आणि लिबिया या दोघांनी केंद्र चालवले. लिबिया लोबो या गोव्याच्या कॅथलिक कुटुंबातल्या, वाढलेल्या मुंबईत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी युद्धकैद्यांच्या पत्रव्यवहाराच्या तपासणीचे काम केले होते, पुढे मुंबई आकाशवाणीत नोकरी केली होती आणि गोवा मुक्तिलढ्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझ कुन्या यांच्या वर्तुळात त्या वावरत होत्या. कुन्यांचे ‘फ्री गोवा’ हे पत्र तेव्हा मुंबईतून निघत असे. दुसऱ्याची पत्रे वाचून त्यातला मजकूर हेरायची सवय, नभोवाणीच्या कामाची ओळख आणि पोर्तुगीज भाषा, या तिन्ही गोष्टी एका व्यक्तीत मिळणे ही केंद्राची मोठी जमेची बाजू ठरली. हिंदू पुरुष आणि ख्रिस्ती स्त्री मिळून हे काम करत होते, ही बाब त्यांनी कधी मिरवली नाही. पण ‘गोवा म्हणजे पोर्तुगीज कॅथलिकांचा मुलूख’ या प्रचाराला याहून सरळ उत्तर दुसरे नव्हते.

आंबोली निवडली ती जागेच्या गुणामुळे. गोव्याची हद्द जवळ, घाटमाथा उंच, आणि झाडी इतकी दाट की शोधणाऱ्याला सहज काही सापडू नये. प्रक्षेपक ट्रकवर बसवला होता, म्हणजे गरज पडली तर केंद्रासह हलता येईल. पण आंबोली म्हणजे महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. चार महिने धुके आणि ओल. कागद दमट व्हायचे, यंत्राला ओल लागू न देणे हीच एक रोजची लढाई. जळवा पायाला डसायच्या, साप राहत्या जागेत यायचे, रात्री जनावरांचा वावर असे. घरच्यांना पत्ता सांगायचा नाही, मुंबईला जाऊन चारचौघांत मिसळायचे नाही, ओळखपाळख वाढवायची नाही. तिशीच्या आसपासच्या दोन माणसांनी हा अज्ञातवास स्वखुशीने पत्करला.

कालांतराने केंद्र कॅसलरॉकला हलले. हे गाव कर्नाटकातल्या घाटमाथ्यावर, दूधसागरच्या वरच्या अंगाला. मुरगाव बंदरातून निघालेली रेल्वे घाट चढून इथे पोहोचे, आणि भारताच्या बाजूची जकात-तपासणी इथेच होत असे. नाकेबंदीनंतर गाड्या थांबल्या आणि एके काळी गजबजलेले हे सीमास्थानक ओस पडले. जंगल इथेही तेच, पाऊसही फार कमी नव्हता. पण जमिनीवरचा जो मार्ग बंद झाला होता, त्याच मार्गाच्या तोंडाशी बसून केंद्र आता गोव्याशी बोलत होते.

प्रत्यक्ष प्रक्षेपणाचा वेळ थोडा असे; त्यामागची मेहनत दिवसभराची. वेगवेगळ्या देशांची नभोवाणी केंद्रे ऐकायची, टिपणे काढायची, गोव्यातून भूमिगत कार्यकर्त्यांनी पाठवलेली माहिती पारखायची, मग कोकणी आणि पोर्तुगीज या दोन भाषांत मजकूर लिहायचा आणि तो वाचायचा. दोन्ही भाषांचे श्रोते वेगळे होते. कोकणी मजकूर गावोगावच्या घरांसाठी. पोर्तुगीज मजकूर शिकलेल्या गोमंतकीय वर्गासाठी आणि गव्हर्नरच्या कचेरीसाठीही. संपादक, अनुवादक, निवेदक, टंकलेखक ही सगळी कामे तीच दोन माणसे करत होती. यंत्राची देखभाल करणारे तंत्रज्ञ, शिधा पोहोचवणारे, सीमेपलीकडून बातमी आणणारे हात वेगळे. त्यांची नावे बहुतांशी नोंदली गेली नाहीत, कारण त्या काळात नाव न नोंदणे हीच सुरक्षितता होती. भारत सरकारची या सगळ्याला मूक संमती होती. उघड पाठबळ देता येत नव्हते, कारण दिल्लीचा आग्रह शांततेच्या मार्गाचा होता.

सुरुवातीचा आठवडा सरला नाही तोच केंद्रापुढे मोठा विषय आला. २ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पावलो कुन्या यांनी संयुक्त निवेदन काढले आणि त्यात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालच्या प्रांतांमध्ये झाला. त्याच सुमारास सोव्हिएत नेते बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह भारताच्या दौऱ्यावर होते आणि त्यांनी गोव्याबाबत भारताची बाजू उचलून धरली. लिस्बनच्या ताब्यातल्या माध्यमांतून यातले पहिले तेवढे गाजत होते. दुसरे गोव्याला ऐकवणे हे रानातल्या केंद्राचे काम.

मधली वर्षे सर्वांत कठीण गेली, आणि वाटचालीच्या लेखनात ती सहसा दोन ओळींत उरकली जातात. १९५६ ते १९६० या काळात सत्याग्रह थंडावले होते, गोव्यातले नेते तुरुंगात किंवा पोर्तुगालमध्ये हद्दपार होते, पीटर आल्वारिस यांच्यासारखे बाहेरचे नेते दिल्लीला साकडे घालून थकले होते. २६ सप्टेंबर १९५८ रोजी मुंबईत त्रिस्तांव ब्रागांझ कुन्या यांचे निधन झाले. चळवळीतल्या गटांमध्ये मतभेद होते आणि ते लपून राहिले नव्हते. अशा वेळी रोज उठून यंत्रासमोर बसायचे आणि ‘मुक्ती जवळ आहे’ असे सांगायचे, याला विश्वासाइतकीच चिकाटी लागते. दोघांनाही ती होती. गोव्यात दारे लावून, आवाज बारीक करून ही नभोवाणी ऐकली जाते, एवढे कळत राहिले तरी त्यांना पुरे होते.

१९६० पासून वारे फिरले. १२ एप्रिल १९६० रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने भारतीय हद्दीतून दादरा-नगरहवेलीला जाण्याच्या वाटेबाबतचा निकाल दिला. जुन्या काळापुरता पोर्तुगालचा नागरी वाहतुकीचा हक्क न्यायालयाने मान्य केला; पण सैन्य नेण्याचा हक्क नाकारला आणि भारताने कर्तव्यभंग केला नाही असे म्हटले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने लागोपाठ दोन ठराव केले. एकाने वसाहतवादाचा अंत मागितला. दुसऱ्याने पोर्तुगालच्या अखत्यारीतील प्रदेशांची यादी देऊन ते स्वशासित नसल्याचे ठरवले. त्या यादीत गोवा होता. ‘प्रांत’ हा १९५१चा युक्तिवाद जगाच्या चावडीवर निकाली निघाला. १९६१च्या सुरुवातीला अंगोलात उठाव झाला. गोव्याचा प्रश्न आता एकट्या गोव्याचा राहिला नाही, आणि केंद्राच्या बातमीपत्रांत आफ्रिकेला मानाचे स्थान मिळाले.

नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ या भारतीय प्रवासी बोटीवर आणि नंतर एका मच्छीमारावर गोळीबार झाला, आणि दिल्लीचा धीर सुटला. डिसेंबरच्या मध्यावर संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचा निरोप केंद्राकडे आला : गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांना शरण येण्याचे आवाहन प्रसारित करा. तो निरोप पोर्तुगीजमध्ये हवेत गेला. इतकी वर्षे ज्या केंद्राचे अस्तित्व कुणी अधिकृतपणे मान्य केले नव्हते, त्याच्याच तोंडून भारत सरकार बोलले. लिस्बनहून सालाझारचा आदेश उलट होता : विजय किंवा मृत्यू, तिसरा पर्याय नाही.

१७ डिसेंबरच्या रात्रीनंतर ‘ऑपरेशन विजय’ ही भारताची लष्करी कारवाई सुरू झाली. हवाई दलाच्या कारवाईची सूत्रे एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती. धर्मयुद्धाचा कांगावा करणाऱ्यांना हे ख्रिस्ती नाव अडचणीचेच होते. १८ तारखेला बांबोळीचे बिनतारी केंद्र हवाई हल्ल्यात निकामी झाले आणि लिस्बनशी असलेला संपर्क तुटला. १९ डिसेंबरच्या संध्याकाळी व्हासालो ई सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. त्यांनी मृत्यूचा आदेश मानला नाही, म्हणून गोव्याची गावे आणि चर्चे वाचली. पोर्तुगालने मात्र त्यांना सैन्यातून बडतर्फ करून त्याची किंमत वसूल केली.

केंद्राचे शेवटचे प्रक्षेपण जमिनीवरून झालेच नाही. वामन आणि लिबिया यांना लष्करी विमानात बसवण्यात आले. विमानात प्रक्षेपण-यंत्रणा आणि ध्वनिक्षेपक लावले होते. गोव्यावर घिरट्या घालत पत्रके टाकत त्यांनी कोकणी आणि पोर्तुगीजमध्ये सांगितले की पोर्तुगीज शरण आले आहेत, गोवा मुक्त झाला आहे. सहा वर्षे श्रोत्यांना जो आवाज कुठून येतो हे माहीत नव्हते, तो डोक्यावरून आला. तिथून पुढे या केंद्राने काहीही प्रसारित केले नाही.

पणजीच्या एमिसोराचे पुढे काय झाले, हेही याच वाटचालीचा भाग आहे. जानेवारी १९६२ मध्ये ते केंद्र आकाशवाणीत सामील झाले. ज्या आल्तिन्योच्या टेकडीशी एके काळी लिस्बनचा आवाज निगडित होता, तिथून आज आकाशवाणी पणजीचे कोकणी आणि मराठी कार्यक्रम होतात, १०५.४ मेगाहर्ट्झवर एफएम रेन्बो वाहिनीही आहे. चर्चच्या बाबतीत संक्रमण सावकाश झाले. पोर्तुगीज पॅट्रिआर्क आल्व्हेर्नाझ १९६२ साली गोवा सोडून गेले, तरी पद नावापुरते त्यांच्याकडे १९७५ पर्यंत राहिले. सगळे गोमंतकीय पाद्री नव्या व्यवस्थेशी जुळवून घेणारे नव्हते. कांदोळीच्या मोन्सिन्योर फ्रान्सिस्को मोंतेरो यांनी भारतीय नागरिकत्व नाकारले. त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली निकाल त्यांच्या विरोधात लागला. हे नमूद करणे आवश्यक आहे. रानातल्या केंद्राने सर्वांचे मन वळवले असा दावा करण्याची गरज नाही. प्रत्येकाला दुसरी बाजू ऐकता आली, एवढे त्याचे श्रेय निर्विवाद आहे.

रानातल्या या बिनपरवाना केंद्राची तुलना पुढच्या काळातील नभोवाणीशी करून पाहण्याजोगी आहे. १९६९ साली मनिलात आशियातील बिशपांच्या पुढाकाराने ‘रेडिओ व्हेरितास आशिया’ सुरू झाले आणि तमिळ, हिंदी, तेलुगू, बंगाली अशा भाषांत कॅथलिक नभोवाणी भारतात ऐकू येऊ लागली. देशात अशी वाहिनी उभी राहणे मात्र कायद्याने सोपे नव्हते. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९५चा. स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणीची परवानगी देणारे धोरण २००६चे. त्यानंतर वायनाडमध्ये मानंतवाडी धर्मप्रांताच्या समाजसेवा संस्थेने २००९ साली ‘रेडिओ माट्टोली’ सुरू केला, तो शेतकरी आणि आदिवासींसाठी, धर्मप्रचारासाठी नव्हे. खासगी एफएमच्या परवान्यातून धार्मिक संस्था वगळलेल्या आहेत आणि स्वतंत्र बातम्या देण्याचीही तिथे मुभा नाही. आज कुणी गावाची नभोवाणी काढायची म्हटले, तर त्याला अर्ज, तरंगलांबी, मनोरा आणि अटी यांतून जावे लागेल. १९५५च्या त्या दोघांना एकच अट होती, ती म्हणजे पकडले जायचे नाही.

पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते १९७४च्या अखेरीस, लिस्बनमधली हुकूमशाही कोसळल्यावर. तोवर केंद्राच्या दोन्ही चालकांनी नवी कामे हाती घेतली होती. १९६४ साली त्यांनी विवाह केला. वामन सरदेसाई परराष्ट्र सेवेत गेले आणि अंगोलात भारताचे राजदूत झाले. ज्या देशाच्या लढ्याची बातमी त्यांनी कॅसलरॉकहून वाचली होती, त्याच देशात. १९९२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले. लिबिया लोबो सरदेसाई यांनी वकिली केली आणि गोव्याच्या पर्यटन खात्याच्या पहिल्या संचालक म्हणून काम पाहिले. जानेवारी २०२५ मध्ये, वयाची शंभर वर्षे पूर्ण झाल्यावर, त्यांनाही पद्मश्री जाहीर झाली.